वाचक विचारतात : तबकडीतलं लग्न

गेल्या अंकात मी ओघात लिहून गेलो की घरोघरच्या लग्नाच्या डीव्हीडी आता शेवटच्या घटका मोजतायत, आणि त्या फाईलमध्ये उतरवायला दमडी लागत नाही. त्यावर एवढी पत्रं आली की इन्व्हर्टर आणि वायफायचे प्रश्न या खेपेला बाजूला ठेवले. आधी एक कबुली. १९९८ ते २०१२ सांगलीत माझं लग्नाच्या व्हिडिओंच्या मिक्सिंगचं दुकान होतं. तुमच्याकडे आज अडकणाऱ्या डिस्कसारख्या हजारभर तरी मी स्वतः राईट केल्यात. तेव्हा हा सल्ला गुन्हेगाराकडूनच आलाय असं समजा.

कमांड मी फोनवर सांगतो तशाच लिहिल्यात. टाईप करताना रोमन लहान अक्षरं वापरायची. ‘वजा’ म्हणेन तिथे वजाचं चिन्ह, पुढच्या अक्षराला चिकटून. प्रत्येक स्वल्पविरामाच्या जागी एक स्पेस.

प्रश्न : ताईचं लग्न २००५ साली झालं. भाच्याने डीव्हीडीतल्या फाईली पेन ड्राइव्हवर घेतल्या, नेटवरच्या एका कन्व्हर्टरने एकेक करून बदलल्या आणि मग जोडल्या. आता फिल्म चार ठिकाणी तुटते. त्यातलं एक ठिकाण नेमकं मंगलाष्टकांच्या शेवटी आहे. भटजी ‘साव’ म्हणतात आणि ‘धान’ गायब! शिवाय शेवटी शेवटी आवाज ओठांच्या पुढे पळतो. भाचा म्हणतो, कमांडने नीट होईल. मला जमेल का? — एक वाचिका, कराड

उत्तर : जमेल. आणि ‘धान’ डिस्कवर अजून आहे, काळजी करू नका.

डिस्क उघडली की व्हिडिओ टीएस नावाचा फोल्डर दिसतो. त्यात व्हीओबी म्हणजे ‘व्हॉब’ फाईली असतात. डीव्हीडीच्या नियमानुसार यातली एकही फाईल १ जीबीच्या वर जाऊ देत नाहीत, म्हणून दोन तासांचं लग्न पाच तुकड्यांत येतं, साधारण दर सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटांनी एक काप. हे काप कापडाच्या दुकानात ठाण कापतात तसे असतात. मीटर भरला की कात्री, नक्षी कुठे आली ते कोण बघतो? चित्रंही डिस्कवर सुटी सुटी नसतात. दहा-बारा चित्रांचा एक घोस असतो आणि त्यातलं पहिलंच तेवढं पूर्ण असतं, बाकीची त्याच्या आधाराने रंगतात. काप घोसाच्या मधे पडला की अर्धा घोस या फाईलच्या शेपटीला, अर्धा पुढच्या फाईलच्या तोंडाला. तुमच्या भाच्याने प्रत्येक तुकडा वेगळा बदलला, तेव्हा कन्व्हर्टरने दोन्ही अर्धे घोस निरुपयोगी म्हणून टाकून दिले. गेला अर्धा सेकंद. भटजीबुवांचं ‘धान’ बरोबर तेवढंच असतं. शिवाय प्रत्येक जोडावर चित्र जेवढं गेलं तेवढाच आवाज जातो असं नाही. चार जोडांचा तो फरक साचत गेला आणि आवाज पुढे पळाला.

म्हणून क्रम उलटा करायचा. कच्च्या फाईली आधी जोडायच्या, मग सगळी फिल्म एकदाच बदलायची.

त्याच्याही आधी एक काम आहे, ते टाळू नका. डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे आयएसओ फाईल काढून ठेवा. ती कशी काढायची ते चिपळूणच्या उत्तरात आहे. पुढचे सगळे उद्योग त्या प्रतीवर करा आणि डिस्क परत पाकिटात घाला. बदललेली फाईल बिघडली तर दुसरी करता येते. डिस्क दहा वेळा फिरवून बघितली, तर अकराव्या वेळी ती वाचेलच असं नाही.

नवीन लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह नसतो. यूएसबीचा बाहेरून लावायचा रायटर हजार-दीड हजारात मिळतो. पण माळ्यावर जुना डेस्कटॉप असेल तर आधी तो उतरवा, त्यातले ड्राइव्ह दणकट असायचे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला म्हणून अनेकांनी ते भंगारात काढले. तशा मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट सुरेख चालतं. मी तेच वापरतो आणि खालच्या कमांडही त्यावरच्याच आहेत.

आयएसओवर डबल क्लिक केलं की ती डिस्कसारखी उघडते. व्हिडिओ टीएस फोल्डरमध्ये उजवं क्लिक करून टर्मिनल, म्हणजे कमांड टाईप करायची खिडकी उघडा. व्हीटीएस, शून्य एक, आणि पुढे १, २, ३, ४, ५ अशा नावांच्या मोठमोठ्या व्हॉब दिसतील (या नावांत मधे स्पेस नाही, अंडरस्कोर म्हणजे खाली टेकलेली रेघ असते). शेवटी शून्य असलेली व्हॉब घेऊ नका, तो मेन्यू. आम्ही त्यात गुलाबाच्या पाकळ्या पाडायचो आणि सनई लावायचो. गिऱ्हाईक त्या पाकळ्यांवरच खूश होऊन बाकीची फिल्म दुकानात तपासायचं राहून जायचं.

जोडायची कमांड कॅट. टाईप करा : कॅट, मग पाचही फाईलींची नावं क्रमाने, मग ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह, मग नव्या फाईलचं नाव. आयएसओमधल्या फोल्डरमध्ये काही लिहिता येत नाही, म्हणून नव्या फाईलला होम फोल्डरची वाट द्या : टिल्डचं म्हणजे नागमोडी रेघेचं चिन्ह, उजवीकडे झुकलेली तिरपी रेघ, लग्न डॉट व्हीओबी, हे सगळं सलग. फाईलींची नावं डिस्कवर मोठ्या अक्षरांत असतात, तशीच लिहायची. पहिली दोन-तीन अक्षरं टाईप करून टॅब दाबलात तर सगळ्या नावांत सारखा असलेला भाग आपोआप येतो, मग पुढचा आकडा टाईप करून पुन्हा टॅब दाबा. ही टॅबची युक्ती मला चार वर्षं कुणी सांगितली नव्हती.

आता होम फोल्डरमध्ये टर्मिनल उघडा आणि एफएफएमपेगला बोलवा. हे २००० सालापासून चालू असलेलं फुकट हत्यार आहे. विकत मिळणाऱ्या कितीतरी कन्व्हर्टरच्या पोटातही हेच असतं. कमांड लांबलचक दिसते, पण पत्ता लिहिल्यासारखी आहे. एफएफएमपेग, वजा एफफ्लॅग्ज, अधिकचिन्ह आणि त्याला चिकटून जेनपीटीएस. हे घड्याळ दुरुस्त करायला, कारण जोडलेल्या व्हॉबच्या वेळांमध्ये खाचा असू शकतात. मग वजा आय, लग्न डॉट व्हीओबी. इथे आत काय जातंय ते सांगून झालं. मग वजा सी कोलन व्ही, लिबएक्स२६४. कोलन म्हणजे आपल्या विसर्गासारखी दोन टिंबं, सीला चिकटून. मग वजा सीआरएफ, १८. याची गंमत शाळेतल्या नंबरासारखी : आकडा लहान तितकं चित्र चांगलं, आणि फाईल मोठी. काहीच सांगितलं नाही तर तो २३ धरतो. मी लग्नाला १८ च देतो. मग वजा प्रीसेट, स्लो. मग वजा व्हीएफ, बीडब्ल्यूडीआयएफ. हे काय ते न्यू जर्सीच्या उत्तरात वाचा. मग आवाजासाठी वजा सी कोलन ए, एएसी, वजा बी कोलन ए, १९२के. आणि शेवटी बाहेर काय पाहिजे ते : लग्न डॉट एमपी४.

एंटर मारायच्या आधी चाचणी घ्या. वजा आयच्या आधी वजा एसएस, ३०० आणि वजा टी, २० घातलंत तर पाचव्या मिनिटापासून फक्त २० सेकंदांचा तुकडा बनतो. तो टीव्हीवर बघा. ठीक वाटला तर ते चार शब्द काढा, खरी कमांड रात्री लावा आणि झोपा. दोन तासांच्या डिस्कची फाईल साधारण दीड-दोन जीबीची होते. मांडवात अंधार आणि हॅलोजनचा पिवळा उजेड असेल तर जास्त, कारण अंधारात कॅमेऱ्याने जी वाळू उडवलेली असते तीही कॉम्प्युटर इमानाने साठवतो. सकाळी सुरुवात बघू नका, शेवटची दहा मिनिटं बघा. आवाज पळाला असेल तर तिथेच कळतं.

तरीही पळाला तर एफएफएमपेगशी भांडत बसू नका. हँडब्रेक नावाच्या कन्व्हर्टरची कमांडवाली आवृत्ती मिळते, तिला आयएसओ फाईल आख्खी द्या. ती व्हॉबच्या शेजारच्या आयएफओ फाईली वाचते. कुठला तुकडा कुणाच्या मागे, हे त्यांत लिहिलेलं असतं.

प्रश्न : २०२१ च्या जुलैमधल्या पुरात आमचं कपाट पाण्यात होतं. आईच्या साठीशांतीची डीव्हीडी वाचली, पण चाळीस मिनिटांनी अडकते. दुकानदार म्हणतो, टाकून द्या. — एक वाचक, चिपळूण

उत्तर : टाकू नका. आधी धुवा. साधं पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, आणि मऊ सुती कापडाने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल पुसायचं नाही. माहिती गोल रेघेत लिहिलेली असते. गोल ओरखडा पडला तर एकाच रेघेतलं पुष्कळ जातं, आडवा पडला तर प्रत्येक रेघेतलं चिमूटभर, आणि चिमूटभर भरून काढायची सोय डिस्कमध्ये असते.

डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन प्लास्टिक चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि लिहिलेला थर मधे असतो. म्हणून चिखलाने तो लगेच मरत नाही. सीडीचं उलटं आहे, तिचा थर वरच्या छापील बाजूच्या लगेच खाली, नखाने खरवडला तरी गेला. घरी राईट केलेल्या डिस्कचा थर मात्र रंगाचा असतो. ऊन आणि दमट हवा हे त्याचे शत्रू, आणि कोकणात दोन्ही फुकट.

तुमच्या डिस्कवर वरून कागदी लेबल चिकटवलंय का? मी चिकटवायचो. नवरा-नवरीचा फोटो, भोवती महिरप. कागद ओल धरतो, वाळताना आखडतो, डिस्क किंचित वाकते आणि वाचणाऱ्या किरणाचा नेम चुकतो. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या डिस्कवरही मीच लावलेलं लेबल आहे आणि तिची शेवटची अकरा मिनिटं अजून वाचली गेलेली नाहीत. लेबल सोलायला जाऊ नका. कागदाबरोबर डिस्कला ओढ बसते आणि असलेलंही जातं.

आता हत्यार : डीडीरेस्क्यू. मिंट किंवा उबुंटूवर इन्स्टॉल करताना पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू, चालवताना मात्र सुरुवातीचा जी काढायचा. यात भले भले फसतात.

साधी कॉपी वाईट जागा आली की तिथेच डोकं आपटत बसते आणि शेवटी सगळं सोडून देते. डीडीरेस्क्यू शहाण्या शेतकऱ्यासारखं वागतं. खडक लागला की नांगर उचलून पुढे जातं, आधी मऊ जमीन सगळी नांगरून घेतं, मग खडकाकडे वळतं. पहिली फेरी अशी : डीडीरेस्क्यू, वजा एन, वजा बी, २०४८, मग ड्राइव्हचं नाव, मग साठी डॉट आयएसओ, मग साठी डॉट मॅप. २०४८ कारण डीव्हीडीचा एक कप्पा २०४८ बाइटचा असतो. ड्राइव्हचं नाव बहुतेक मशीनवर तिरपी रेघ डेव्ह तिरपी रेघ एसआर शून्य असं, मधे स्पेस न देता. वजा एन म्हणजे खडक आत्ता खोदू नकोस.

ती संपली की दुसरी फेरी. सगळं तेच, फक्त वजा एनच्या जागी वजा डी आणि वजा आर३. आता ते राहिलेल्या जागांवर तीन-तीनदा जातं. याला अख्खी रात्र लागू शकते. ड्राइव्ह कण्हल्यासारखा आवाज करतो, करू द्या.

खरी किमया त्या मॅप फाईलमध्ये आहे. कुठले कप्पे वाचले आणि कुठले राहिले याचा हिशोब तीत असतो. तीच आयएसओ, तोच मॅप ठेवून डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला आणि कमांड पुन्हा चालवा. ते फक्त राहिलेलेच कप्पे मागतं. एका ड्राइव्हला जे दिसत नाही ते दुसऱ्याला कधी कधी सहज दिसतं. एका शेजाऱ्यांच्या डिस्कचे पहिल्या ड्राइव्हवर २१४ एमबी राहिले होते. मेहुण्याच्या जुन्या डेस्कटॉपवर तीच चालवली तर ६ एमबी राहिले. त्या ६ एमबीत काय गेलं? दहा सेकंदांच्या आसपास, चौकोन चौकोन दिसणारी एक पंगत.

प्रश्न : २००४ मध्ये पुण्याहून आलेली माझ्या मुंजीची डीव्हीडी इथल्या प्लेअरवर कधीच लागली नाही. आता फाईल केली, पण कुणी हललं की कडांना कंगव्याचे दात येतात आणि सगळे बुटके, रुंद दिसतात. तीस फ्रेमची करू का? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : तीस मुळीच करू नका. भारतातली डिस्क पाल पद्धतीची, म्हणजे सेकंदाला २५ चित्रं, उभ्यात ५७६ रेघा. अमेरिकेत एनटीएससी, ४८० रेघा आणि जवळपास ३० चित्रं. म्हणून तुमचा प्लेअर रुसला होता. फाईलला हा जातिभेद नाही, आजचे बहुतेक टीव्ही फाईलमधलं २५ चं चित्र दाखवतात. पंचविसाचे ओढूनताणून तीस केलेत तर मुंजमुलगा भिक्षावळीला अडखळत चालेल.

दातांचं कारण वेगळं. त्या वेळचा कॅमेरा एका चित्रात दोन क्षण विणायचा. एक क्षण विषम रेघांत, पुढचा सम रेघांत. जुन्या डब्बा टीव्हीवर ते बेमालूम दिसायचं. आजचा पडदा दोन्ही एकदम दाखवतो, म्हणून हललेल्या हाताला दात येतात. वर कराडला सांगितलेलं बीडब्ल्यूडीआयएफ हे विणकाम उसवतं आणि सेकंदाला ५० पूर्ण चित्रं देतं. हालचाल रेशमासारखी दिसते.

उसवूनही जर चित्र सतत पुढे-मागे थरथरत असेल, तर तो माझ्यासारख्या कुणाचा तरी प्रताप आहे. डीव्ही, म्हणजे डिजिटल कॅसेटवर चित्र घेणारा कॅमेरा खालची रेघ आधी लिहायचा आणि डिस्क बनवताना आम्ही घाईत ‘वरची आधी’ वर टिचकी मारायचो. २००३ चा अख्खा लग्नसराईचा हंगाम मी असाच उलटा काढला. गिऱ्हाइकाला काही कळलं नाही, कारण नाच कमी आणि आहेर जास्त. उपाय : बीडब्ल्यूडीआयएफला चिकटून बरोबरचं चिन्ह, १, कोलन, १, हे सगळं सलग, मधे स्पेस न देता. दुसरा १ म्हणजे ‘खालची आधी’ समज.

बुटकेपणा : डिस्कवर चित्र ७२० बाय ५७६ असतं, पण त्याचे ठिपके चौरस नसतात. दाखवताना ते ७६८ बाय ५७६ दिसायला हवं, नाहीतर कुठे ताणलेलं, कुठे चेपलेलं दिसतं. तुमच्या फाईलला बहुतेक आजच्या रुंद पडद्याचं माप लागलंय. बीडब्ल्यूडीआयएफच्या पुढे, आता खराखुरा स्वल्पविराम देऊन आणि मधे स्पेस न सोडता, स्केल बरोबर ७६८ कोलन ५७६, पुन्हा खरा स्वल्पविराम, सेटएसएआर बरोबर १. यापुढे जाऊन फुल एचडी करायच्या भानगडीत पडू नका. जे कॅमेऱ्यात आलंच नाही ते पीठ पाणी घालून वाढत नाही.

प्रश्न : विकत घेतलेल्या नाटकांच्या डीव्हीडी याच पद्धतीने होतील का? — बदलापूर

उत्तर : त्यांतल्या बऱ्याच डिस्कवर कॉपी रोखणारं कुलूप असतं. त्यामुळे आयएसओ निघाली तरी आत चित्राऐवजी रंगांचा चिवडा दिसतो. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेलं कलम ६५ अ हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडण्याबद्दल शिक्षा सांगतं. कुलपं तोडायची कृती मी या सदरात देत नाही. घरच्या कार्याच्या डिस्कला कुलूप नसतं, हे सदर त्यांच्यासाठी.

प्रश्न : आमच्याकडे डीव्हीडी नाही, व्हीसीडी आहे. कॉपी करताना एरर येते. — वाई

उत्तर : लिनक्सवर येणारच. व्हीसीडीवरचे व्हिडिओचे कप्पे २०४८ चे नसून २३२४ बाइटचे असतात आणि साधी कॉपी तिथे गडबडते. विंडोजच्या मशीनवर एमपीईजीएव्ही फोल्डरमधली डॅट फाईल सरळ ओढून घ्या. मग ती एफएफएमपेगला द्या, तो डॅट ओळखतो. चित्र ३५२ बाय २८८ चंच आहे, मोठ्या टीव्हीवर धूसर दिसेल. कॅसेटवरून उतरवलेलं असेल तर आणखी धूसर.

प्रश्न : आयएसओ पेन ड्राइव्हवर जात नाही. ३२ जीबी रिकामी आहे, तरी जागा नाही म्हणतो! — कराडच्याच दुसऱ्या वाचिका

उत्तर : पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला आहे. त्यात एक फाईल ४ जीबीच्या वर मावत नाही आणि भरलेली डिस्क त्याहून मोठी असते. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, पण आतलं आधी दुसरीकडे काढून.

प्रश्न : शूटिंगवाल्यांकडे मूळ कॅसेट असेल का? त्यांना विचारण्यात अर्थ आहे? — एक वाचक, विटा

उत्तर : अर्थ आहे. मिनी डीव्ही कॅसेटवरचं चित्र डीव्हीडीपेक्षा सरस असतं. तासाला सुमारे १३ जीबी माहिती तीत असते, आणि आम्ही तीन-तीन तास एका ४.७ जीबीच्या डिस्कमध्ये कोंबायचो. पण खरं सांगतो, बहुतेक जण कॅसेट पुसून पुढच्या लग्नाला वापरायचे. मीही वापरल्यात. तरी विचारा. दुकान बंद केलं तेव्हा माझ्या माळ्यावर चाळीसेक कॅसेट निघाल्या. काहींचे मालक सापडले, त्यांना दिल्या. उरलेल्यांतल्या एकीवर नुसतं ‘हळद, कडेगाव, २००३, नं. २’ एवढंच लिहिलंय. कुणाची असेल तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा.